एका फलंदाजाची दोन नावं

आधीच सांगून ठेवतो, यात मी कोणाचंही नाव लिहिणार नाही. माझंही नाही. जन्मभर दुसऱ्यांची नावं लिहीत आलो, तहसिलीत लिहिली, कोर्टात लिहिली, आणि त्याच्याही आधी क्रिकेटच्या वहीत लिहिली. त्या वहीत एका माणसाच्या नावाची मी जी माती केली, त्यानंतर हा हात नावं लिहायच्या लायकीचा राहिलेला नाही. कोणाला राग येत असेल तर येऊ द्या.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात त्याच्याएवढ्या धावा कोणी काढल्या नाहीत. हे मला कोणी सांगितलेलं नाही, त्याची एकेक धाव मीच लिहिलेली आहे. मी स्वतः खेळाडू नव्हतो. लहानपणीच्या तापात डावा पाय वाळला, तो तसाच राहिला. अक्षर मात्र मोत्यासारखं होतं. म्हणून घाटंजीच्या आमच्या क्लबानं मला धावांची वही दिली, लिंबाखाली टेबल-खुर्ची दिली, आणि नोकरी लागायच्या कितीतरी आधी गाव मला 'बाबू' म्हणायला लागलं. पायानं घालवलेली इज्जत मी हातानं कमावली होती, आणि तिला कोणी बोट लावलेलं मला खपत नव्हतं.

मैदान म्हणजे कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्याच्या मागची काळी जमीन. ऊन तापलं की तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडायच्या. त्यावर काथ्याची लांब चटई अंथरायची, ताणायची, आणि कडेनं लोखंडी खिळे ठोकायचे, म्हणजे झाली खेळपट्टी. ते ठोकायला प्रेसमधला एक गडी यायचा. चोवीस-पंचवीस वर्षांचा, उंच, हाडापेरानं मजबूत. रुईच्या गाठी लोखंडी आकड्यानं ओढून गाडीवर चढवायच्या, हे त्याचं रोजचं काम. नदीपलीकडच्या वस्तीतला, म्हणजे गाव ज्यांना शिवत नव्हतं त्यांच्यातला. चटई त्यानं ठोकायची, आणि ठोकून झाली की तिच्यावर पाय ठेवायचा नाही, असा कायदा होता. त्यात काही विचित्र आहे असं आम्हा एकालाही वाटत नव्हतं.

त्याचं नाव उकिरड्याचं होतं. आईची आधीची तीन लेकरं गेली, म्हणून हा जन्मल्याबरोबर त्याला उकिरड्यावर ठेवला, शेजारणीनं उचलून परत आणून दिला, आणि उकिरड्याचंच नाव चिकटवलं. असल्या घाणीकडे यम फिरकणार नाही, अशी समजूत. अशी नावं आमच्या वरच्या आळीतही होती. पण आमच्या पोराला शाळेत घालताना मास्तर विचारायचे, 'चांगलं नाव काय लिहू?' आणि तिथे ती घाण धुतली जायची. याला कोणी शाळेच्या पायरीवर उभं केलं नाही, तर नाव कोण धुणार?

तो खेळला कसा, ते ऐका. महागावची टीम आली होती आणि आमचा कंपाउंडर तापानं पडला. दहाच जण उरले. आमचे कप्तान वकीलसाहेब. शील्डच्या सामन्यांत जिल्ह्यात सगळ्यात जास्त धावा त्यांच्या नावावर होत्या. पांढरी फ्लॅनेलची पँट, गळ्यात रेशमी रुमाल, आणि आवाज असा मऊ की शिवी दिली तरी आशीर्वाद वाटावा. ते म्हणाले, "शेवटी त्याले उभा करा. खिळे ठोकते, बॅट ठोकाले काय जड आहे?" लोक हसले.

तो अनवाणी, एकाच पायाला पॅड बांधून उभा राहिला. पॅड उलटं बांधलेलं. महागावच्या गोलंदाजानं पहिलाच चेंडू छातीवर आपटला, मुद्दाम. यानं मागे सरून दोन्ही हातांनी असा ओढला की चेंडू सरकीच्या ढिगात जाऊन पडला. पुढचाही तसाच. प्रेसमध्ये गाठीला आकडा अडकवून ओढतात, तोच झटका. गावानं त्या फटक्याला तिथल्या तिथे 'आकडा' नाव देऊन टाकलं. आम्ही जिंकलो. संध्याकाळी ती बॅट दोन दिवस उन्हात टाकून ठेवायचं ठरलं, आणि कंपाउंडरचा ताप उतरला तरी साहेबांनी त्याला पुढल्या सामन्यातही आजारीच ठेवलं. जिंकायची गरज पडली की शिवाशीव पातळ होते, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

तर त्या जुन्या नावावर तो पुरते दोन हंगाम खेळला. वहीत मी ते नाव लिहायचो आणि लिहिताना हसू यायचं. शतक काय, उकिरड्याचं शतक काय! पाणी त्याला वरून ओतून मिळायचं. जेवायच्या सुट्टीत आम्ही ओट्यावर, तो गुंडाळलेल्या जुन्या चटईवर बसून आपली भाकर खायचा. मला पाहिलं की वाकून 'जोहार, बाबू' म्हणायचा, आणि मी मान हलवायचो.

छप्पनच्या दसऱ्याला त्याची सगळी वस्ती नागपूरला गेली आणि बौद्ध होऊन आली. त्याच्या बायकोनं घरातले देव टोपल्यात भरून नदीत सोडले, ही बातमी आमच्या आळीत दिवाळीपर्यंत चघळली गेली. हंगामाच्या पहिल्या सामन्याला तो आला तो पांढरा सदरा घालून. जोहार नाही, वाकणं नाही. सरळ उभं राहून हात जोडले आणि म्हणाला, "बाबू, एक सांगाचं होतं. माझं जुनं नाव आता वहीत नोका लिहू. हे लिहा." आणि त्यानं नवं नाव सांगितलं. चांगलं, स्वच्छ नाव. माझ्या स्वतःच्या नावापेक्षा चांगलं. वस्तीत सगळ्यांनाच त्यानं अशी नवी नावं घ्यायला लावली होती.

मी वकीलसाहेबांकडे पाहिलं. ते हसत म्हणाले, "लिही ना गा. कागदाले काय होते? नाव बदललं म्हणून बाप थोडाच बदलते?" भोवतालचे सगळे खदखदा हसले. तो हसला नाही. माझ्या टाकाकडे पाहत उभा राहिला. मी ते नाव लिहिलं, शेवटच्या अक्षराला माझ्या सवयीप्रमाणे लांब शेपटी काढली, आणि मोठा उदार झाल्यासारखा खुर्चीत मागे रेललो.

पण एक यादी असायची. दर हंगामाच्या सुरुवातीला क्लबाच्या खेळाडूंची नावं यवतमाळला, स्पर्धा भरवणाऱ्या कमिटीकडे पाठवावी लागत. साहेब सांगायचे, मी लिहायचो. त्या वर्षी त्याच्या नावाशी आलो तेव्हा मी थांबलो. साहेब म्हणाले, "यादीत जुनंच राहू दे. उगाच घोळ कायले?" मी राहू दिलं. पुढच्या वर्षीही दिलं, त्याच्या पुढच्याही. म्हणजे वहीत नवा माणूस खेळत होता आणि यादीत जुना. हे फक्त साहेबांना आणि मला ठाऊक होतं.

त्याला काय ठाऊक असणार? अक्षराशी त्याची ओळखच नव्हती. सामना संपला की तो टेबलाशी यायचा, जरा अंतर ठेवून, आणि म्हणायचा, "दाखवा, बाबू." आपल्या धावा पाहायला येतो असं मला वाटायचं. तो नाव पाहायचा. मग लिंबापलीकडे उकिडवा बसून चटईच्या खिळ्यानं काळ्या मातीत ते ओढून काढायचा, पुसायचा, पुन्हा काढायचा. तिसऱ्या हंगामात त्याला ते पाठ झालं. शेवटच्या अक्षराची माझी शेपटीसुद्धा त्यानं उचलली. जगात त्याला लिहिता येणारा हा एकच शब्द होता. पुढे त्यानं वस्तीतल्या एका मास्तरकडून आकडे आणि थोडं वाचणंही शिकून घेतलं, ते मला नंतर कळलं, आणि कळलं ते वाईट पद्धतीनं कळलं.

धावा किती काढल्या म्हणून सांगू! चटईवर चेंडू उसळतो, भल्याभल्यांच्या बरगड्या शेकतात. हा त्या उसळीची वाट पाहायचा. आमचे पंच म्हणजे सायकल दुरुस्तीचं दुकान असलेले एक मुसलमान मिस्त्री, तोंडात कायम विडा. ते म्हणायचे, "ये आदमी गेंद को नहीं मारता, गेंद खुद आके माफी मांगती है." साठ साल उजाडलं तेव्हा वकीलसाहेबांचा खेळ संपलेला होता, धावा तेवढ्या उरल्या होत्या, आणि हा त्यांच्या मागे लागला होता. साहेब त्याची पाठ थोपटायचे, म्हणजे पाठीच्या वीतभर अलीकडे हवेत हात हलवायचे.

आणि त्याची छाती चालली होती. प्रेसमधली रुईची धूळ वर्षानुवर्षं आत गेलेली. दोन धावा पळाला की बॅटवर वाकून खोकायचा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं होतं, रुईतून निघ, नाही तर चार-पाच वर्षं. बायको तेव्हा पोटुशी होती, लग्नानंतर कितीतरी वर्षांनी. अशात राजूरच्या कोळशाच्या खाणीवरचा एक मॅनेजर सामना पाहून गेला. क्रिकेटवेडा माणूस. त्यानं निरोप धाडला की जिल्ह्याचा विक्रम मोडलास तर तुला खाणीवर घेतो. खाली उतरायचं नाही, वर दिवेघरात बसून मजुरांचे दिवे द्यायचे-घ्यायचे. पक्की नोकरी, पक्कं क्वार्टर. फक्त वरच्या साहेबाला दाखवायला जिल्ह्याच्या कमिटीचं सर्टिफिकेट पाहिजे. कापसातून कोळशात, पण उघड्या हवेत. त्याच्यासाठी ते सर्टिफिकेट म्हणजे श्वास होता, आणि हे गावात लहानथोर सगळ्यांना माहीत होतं.

विक्रम मोडला तो दिवस मला आठवतो, पण तुम्हाला वाटतं तसा नाही. आकडा घातला, चेंडू सरकीत गेला, लोक ओरडले, त्याच्या वस्तीतली माणसं पहिल्यांदा मैदानाच्या आत धावत आली. साहेबांनी हार आणवला आणि लांबून त्याच्या गळ्यात टाकला, तो खांद्यावर अडकला. हे सगळं ठीक. सामना संपल्यावर तो नेहमीप्रमाणे माझ्या टेबलाशी आला. पन्नास माणसं भोवती. माझे वडील होते, साहेब होते. त्यानं पानावर नजर फिरवली आणि एकदम बोट ठेवलं. "बाबू, इथं एक राह्यली. तिसऱ्या ओव्हरीत."

मी म्हणालो, "तुले काय समजते बे?"

"वाचता येते मले आता," तो साधेपणानं म्हणाला. मिस्त्रींनी ती ओव्हर बोटांवर आठवली आणि म्हणाले, "सही बोलता है. एक छूटी."

खरंच सुटली होती. इतक्या वर्षांत माझी पहिली चूक. कोणीतरी ओरडलं, "अरे बाप्पा! आता हा बाबूले शिकवून राह्यला!" आणि हशा झाला. मी ती एक धाव लिहिली. शाई पसरली. घरी गेल्यावर वडील एवढंच म्हणाले, "तुझी वही आता ते लोक तपासतात का?" मी जेवलो नाही. एका धावेसाठी! त्याला तिची गरजही नव्हती, विक्रम तिच्याशिवायही मोडलेला होता. त्यानं फक्त खरं तेवढं सांगितलं होतं, आणि मी त्याला ते माफ केलं नाही. वकीलसाहेबांचा द्वेष निदान मोठ्या गोष्टीसाठी होता. माझा एका धावेपुरता होता.

पंधरा दिवसांनी यवतमाळला कमिटी बसली. सर्टिफिकेटचा विषय होता. साहेब मला आपल्या मोटारीतून घेऊन गेले, सगळ्या वह्या माझ्या मांडीवर. वाटेत एवढंच म्हणाले, "विचारतील ते सांग. वहीत आहे तेवढंच सांग. खोटं नको बोलू." मी म्हणालो, "खोटं कशाला बोलू?" आणि खरंच बोललो नाही, हीच तर गंमत आहे. मिस्त्रींना बोलावलंच नव्हतं. तो स्वतः पहाटेच्या एस.टी.नं येऊन दाराबाहेर उभा होता, तोच पांढरा सदरा घालून.

कमिटीचे सेक्रेटरी म्हणजे चष्म्याआडून पाहणारे एक म्हातारे गृहस्थ. त्यांनी यादी काढली, वह्या उघडल्या. म्हणाले, "पहिल्या दोन हंगामांत हे नाव. पुढच्या सगळ्यांत ते नाव. यादीत तर एकच, पहिलं. हा काय प्रकार आहे?" सेक्रेटरी माझ्याकडे वळले. "वही तुम्ही लिहिता ना? हा एकच माणूस की दोन?"

एक शब्द पुरे होता. 'एकच.' एवढं म्हटलं असतं की संपलं असतं. दारातून तो माझ्याकडे पाहत होता, आणि त्याच्या तोंडावर काळजी नव्हती. मी सांगेन, हे तो गृहीत धरून उभा होता. त्या भरवशाचाच मला संताप आला.

मी म्हणालो, "वहीत दोन नावं आहेत, साहेब."

"म्हणजे दोन माणसं?"

"वहीत दोन नावं आहेत. मी वहीपुरतं बोलतो."

त्यांनी ते शब्द तसेच कागदावर लिहून घेतले. मग साहेबांनी आपला मऊ आवाज लावला. त्या बिचाऱ्याचं नुकसान व्हावं असं आपल्याला वाटत नाही. विक्रम आपलाच मोडतो आहे, तरी वाटत नाही. एक मार्ग आहे. यादीतलं पहिलं नाव हेच माझं खरं नाव, दुसरं मी उगाच लावत होतो, असं त्यानं लिहून सही करून द्यावं. सगळ्या धावा त्या एका नावावर जमा करता येतील, सर्टिफिकेटही त्याच नावाचं निघेल. नाहीतर दोन माणसांत धावा वाटल्या जातील, आणि दोघांपैकी कोणीच विक्रमाच्या जवळपास नाही. साहेबांना खात्री होती की तो सही करणार नाही. देव नदीत सोडणाऱ्या बाईचा नवरा तो. मोडेल पण वाकणार नाही, आणि आपला विक्रम आपल्या घरी राहील, असा त्यांचा हिशेब होता.

त्याला आत बोलावून हे समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं. विचारलं, "नव्या नावावर नाई होत?"

"त्याची यादीत नोंद नाही."

"नोंद कोन करत होतं?"

"राहून गेलं," साहेब म्हणाले.

त्याला तासभर विचार करायला दिला. तो बाहेर लिंबाखाली बसला. खोकला सुरू झाला तो थांबेना. मी पाणी पिण्याच्या निमित्तानं बाहेर आलो. त्यानं वर पाहिलं. "बाबू, तुमी काहून नाई सांगतलं?"

"नियम असतात," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली, जणू त्याला पटलं. मग आपल्या हातांकडे पाहत बसला. त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला कळत होतं, उगाच नाही म्हणत नाही. बायकोच्या पोटातलं लेकरू, ती छाती, ते क्वार्टर. आणि दुसऱ्या बाजूला एक नाव, ज्यासाठी सगळी वस्ती पायी-गाडीनं, मिळेल त्यानं नागपूरला गेली होती. मला त्या क्षणी बरं वाटत होतं. तिसऱ्या ओव्हरीतली ती धाव मी वसूल करत होतो.

तो उठला, आत गेला आणि म्हणाला, "देतो सही."

वकीलसाहेबांचं तोंड पडलं. असं पडलं की सांगता सोय नाही. सेक्रेटरींनी अर्ज पुढे सरकवला, टाक दिला. त्यानं टाक धरला, कागदावर नेला आणि थांबला. खोली पाहत होती. शेवटी तो माझ्याकडे वळला.

"बाबू, मले हे नाव लिहिता येत नाई. मले तेच येते, नवं. तुमी लिहून द्या, मी गिरवतो."

मी वहीचं एक कोरं पान फाडलं आणि त्यावर ते उकिरड्याचं नाव लिहिलं. चांगल्या अक्षरात लिहिलं. अक्षर वाईट काढणं मला जमलंच नाही, तेवढा माज त्याही वेळी होता. त्यानं तो कागद बाजूला ठेवून एकेक अक्षर पाहत, जीभ दातांत धरून, अर्जावर काढलं. दोनदा चुकला. सेक्रेटरी म्हणाले, "सावकाश, घाई नाही." स्वतःचं नाव विसरायला त्याला पाच वर्षं लागली होती, आणि मी ते त्याला पाच मिनिटांत पुन्हा शिकवलं.

घाटंजीला परतल्यावर मिस्त्रींच्या दुकानावरून जात होतो. ते चाकाला पंप मारत होते. मला पाहून थांबले. "दो नाम, बाबू? सात साल मैंने तो एकही आदमी को आउट दिया. दूसरा कब आया था खेलने?" मी निघायला लागलो. "लिखनेवाले के हाथ को लकवा भी नहीं मारता," ते म्हणाले, माझ्या पायापाशी विडा थुंकले आणि पुन्हा पंप मारायला लागले. त्यानंतर त्यांनी पंचाचं काम केलं नाही. माझी सायकलही कधी हातात घेतली नाही.

त्याच्या वस्तीत त्याच्याशी कोणी बोलेना, असं कळलं. ज्यानं सगळ्यांना नावं बदलायला लावली, त्यानंच कागदावर परत लिहून दिलं, म्हणून. बायकोनं त्याला एका शब्दानं दुखवलं नाही म्हणे. ती आठ दिवस कोणाशीच बोलली नाही आणि नवव्या दिवशी सामान बांधलं. जिल्ह्याचा विक्रमवीर म्हणून त्याचं सर्टिफिकेट निघालं, ठळक अक्षरात, जुन्या नावानं. अक्षर माझंच होतं. कमिटीला माझं अक्षर आवडलं होतं.

सदुसष्टच्या सुमारास माझी बदली वणीला झाली. राजूर तिथून हाकेच्या अंतरावर. एका रविवारी गेलो. माफी मागायला गेलो असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल आणि मलाही. पण नव्हतो गेलो. आपण केलेलं कसं निघालं, ते पाहायला गेलो होतो.

खाणीच्या फाटकाशी हजेरीची खिडकी होती. तिथे मी त्याचं नवं नाव सांगून विचारलं. पुन्हा तोच उदारपणा. खिडकीतला माणूस म्हणाला, "असा कोनी नाई इथं."

"दिवेघरात आहे. क्रिकेट खेळायचा, घाटंजीचा."

"हां, तो!" आणि त्यानं जुनं नाव घेतलं, चांगलं लांबवून, चवीनं. "सकाळच्या हजेरीले आमी त्याचंच नाव पयले घेतो. पोट्ट्याइची झोप उडते." मागे बसलेले दोघे हसले. मीही हसलो, सवयीनं. त्यानं क्वार्टर दाखवलं.

दारात त्याची बायको तांदूळ निवडत बसली होती. माझ्या चालण्यावरून तिनं मला लांबूनच ओळखलं असणार, कारण मी जवळ येईपर्यंत तिनं मान वर केली नाही. मी नमस्कार केला आणि त्याचं नवं नाव घेऊन, मागे आदरानं 'राव' जोडून, विचारलं, "आहेत का घरी?"

"नाई. शाळेच्या पटांगनात खेळाले गेला."

मला कळेना. "आज? या वयात?"

"सातवं लागलं त्याले," ती म्हणाली. "पोरगा हाय माझा. ते नाव त्याच्या बापानं त्याले देऊन टाकलं. जास्त वापरलं नोव्हतं." तिनं एक खडा काढून अंगणात फेकला. "शाळेत मास्तर पुरं नाव घेते, तवा पोराच्या मांगं बापाचं लागते. नवं पुढं, जुनं मांगं. पोट्टे हासते त्याले. मास्तरच्या वहीत दोन्ही एका ओळीत बसले, बाबू. तुमच्याच वहीत नाई बसले."

आपल्या लोकांत जिवंत बापाचं नाव लेकाला कोणी ठेवत नाही. मी काहीतरी पुटपुटलो, भेटून जातो म्हणालो.

"बापाले भेटाचं हाय? मंग त्याचं नाव घ्या ना. तुमीच तं लिहून देल्लं होतं. घ्या. जोरानं घ्या, आत खोकून राह्यला, हळू घेतलं तं आयकू नाई येत."

शेजारच्या क्वार्टरांतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. ते नाव मी शेकडो वेळा लिहिलं होतं, पण तोंडानं कधी घेतलं नव्हतं. मैदानावर मी त्याला 'अबे'च म्हणायचो. मी हाक मारली. अगदी हळू.

"नाई आयकू आलं," ती म्हणाली.

मी पुन्हा मारली. पूर्ण नाव, मोठ्यानं, सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशी. आतला खोकला मध्येच थांबला, खाट करकरली, आणि हजेरीला उभा राहिलेल्या माणसाचा आवाज आला, "हजर, साहेब."

तो दाराशी यायच्या आत मी तिथून निघालो.